धर्मानंद कोसंबी : रोहिणीचं पाणी आणि बाळाबाईंचा संसार



आपल्या वस्त्यांमध्ये सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते. एक आजीकडून ऐकलेली, चित्रांतून आणि सिनेमांतून पाहिलेली : म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला आणि राजपुत्र मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत टाकून निघाला. दुसरी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधली : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, मतदानात तो हरला आणि त्याने परिव्रज्या पत्करली. दुसरी गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण बाबासाहेबांच्या आधी हा रस्ता मराठीत कोणी खणून ठेवला होता, हे विचारलं की आपली तरुण मुलं गप्प होतात. आचार्य धर्मानंद कोसंबींचं नाव त्यांनी ऐकलेलं असतं, फोटोही पाहिलेला असतो. त्यापुढे फारसं नाही.

म्हणून हा लेख. कोसंबी थोर होते हे ठाऊक असलेल्यांना ते पुन्हा सांगायची गरज नाही. आम्हाला त्यांच्या आयुष्यातल्या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहायच्या आहेत : घर, जगाचं अर्थकारण आणि बलाढ्य राष्ट्रांची भांडणं. त्यांनी स्वतः या तिन्हींचा एकमेकींशी संबंध जोडला. आणि त्यातल्या पहिलीची, म्हणजे घराची किंमत त्यांच्यापेक्षा जास्त दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. सारस्वत ब्राह्मण कुटुंब, नारळाची बागायत, शिक्षण जेमतेम. १८९१ मध्ये बाळाबाईंशी लग्न झालं. 'बालबोध' हे तेव्हाचं मुलांचं मासिक, त्यात बुद्धावरचा एक लेख वाचला आणि त्या माणसाने त्यांना झपाटलं. बुद्धाविषयी मराठीत वाचायला जवळजवळ काही नव्हतं. संस्कृत शिकायचं, मूळ ग्रंथ वाचायचे, तर गाव सोडण्यावाचून उपाय नव्हता. १८९९ च्या डिसेंबरात ते निघाले. मोठी मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मली होती.

पुणे, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत ते अन्नछत्रात जेवत आणि शास्त्र्यांकडे संस्कृत शिकत. इथे थोडं थांबायला हवं. कोसंबींनी उपाशीतापाशी, अनवाणी केलेला हा प्रवास खरोखर अफाट आहे. पण काशीच्या अन्नछत्राचं दार ब्राह्मणाला उघडत होतं. त्याच काळात ज्ञानासाठी तितकाच भुकेला एखादा महार किंवा चांभार मुलगा त्या पंक्तीत बसू शकला नसता. कोसंबींचे कष्ट यामुळे कमी होत नाहीत. फक्त रस्ता कोणासाठी कुठपर्यंत मोकळा होता, एवढं लक्षात ठेवायचं.

१९०२ मध्ये बौद्ध धर्म जिवंत पाहायला म्हणून ते नेपाळला गेले आणि निराश होऊन परतले. बोधगया, कलकत्ता करत सिलोनला पोचले. तिथे सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर झाले, पाली शिकले. पुढे मद्रास, ब्रह्मदेश, कुशिनारा. १९०६ च्या सुमारास ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले, चीवर उतरवलं आणि पुन्हा संसाराकडे वळले. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर. पुढे ज्याला सारं जग डी. डी. कोसंबी म्हणून ओळखू लागलं, तो हा.

म्हणजे जवळपास सात वर्षं बाळाबाई एका तान्ह्या मुलीला घेऊन एकट्या होत्या. नवरा परत येईल की नाही ठाऊक नाही. मेलेला नाही म्हणून विधवा नाही, जवळ नाही म्हणून सवाष्णपणालाही अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोव्यातल्या ब्राह्मण घरात अशा बाईची काय गत होत असेल, याचा अंदाज आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारला तरी येईल. कोसंबींनी 'निवेदन' हे आत्मचरित्र लिहिलं. तो मराठीतला प्रामाणिक ग्रंथ आहे, त्यात स्वतःला मोठं करण्याचा सोस नाही. बाळाबाईंच्या बाजूचं तसं पुस्तक मात्र आपल्या हाती नाही.

आपल्या समाजात यावर लगेच उत्तर येतं : रमाईनेही सोसलं. हो, सोसलं. बाबासाहेब कोलंबियाला आणि लंडनला होते तेव्हा घर रमाईने ओढलं, मुलं गमावली. तिच्या नावाने आपण गाणी गातो, जयंती करतो. पण सोसण्याची पूजा करणं आणि सोसायला लावणाऱ्या व्यवस्थेचा हिशोब मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपण उत्साहाने करतो.

रमाईचा विषय निघालाच आहे तर एक योगायोग. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये तरुण भीमरावाला अमेरिकेला पाठवलं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सयाजीरावांनी काही वर्षं आधी कोसंबींना महिना ५० रुपये देऊ केले होते. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहायचं आणि लिहायचं. कलकत्ता विद्यापीठातली जास्त पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी ते ५० रुपये घेतले, कारण त्यांना बुद्ध मराठी माणसाला मराठीत सांगायचा होता. हा निर्णय ध्येयवादी होता यात शंका नाही. घरखर्चाच्या वहीत तो कसा उतरला असेल, हे बाळाबाईंनाच ठाऊक.

आता अर्थकारणाकडे.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने कोसंबींना बोलावलं. हेन्री क्लार्क वॉरन हा अमेरिकन पंडित बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची संपादित प्रत अर्धवट सोडून वारला होता, ती पूर्ण करायची होती. बॉस्टनच्या त्या प्रदेशात लॉवेल, लॉरेन्स ही कापड गिरण्यांची मोठी गावं. यंत्रांची ताकद, अफाट श्रीमंती आणि तिच्याच पायाशी कामगारांचे हाल. याच वास्तव्यात कोसंबी समाजवादी विचार वाचू लागले. काशीच्या अन्नछत्रात भूक ही त्यांची स्वतःची होती. आता भूक कशी तयार होते हे ते पाहू लागले.

तिथेच त्यांना भांडवलाचा दुसरा धडाही मिळाला, पुस्तकाच्या कामातून. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले ते श्रेयावरून : पुस्तकावर संपादक म्हणून नाव कोणाचं लागणार. ज्याच्या डोक्यात पाली होती तो वसाहतीतला माणूस, आणि छापखाना, पैसा, विद्यापीठ अमेरिकेचं. कोसंबींनी तडजोड केली नाही, काम रखडलं. १९१० ते १९३२ या काळात ते त्यासाठी चार वेळा अमेरिकेला गेले. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती १९५० मध्ये निघाली. तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षं झाली होती. आज जागतिक ज्ञानव्यवहाराबद्दल बोलताना आपण मोठमोठे शब्द वापरतो. ही साधी गोष्ट त्यातली पुष्कळ उघड करते.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची पिढी उभी राहिली ती इथून. १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला गेले ते माणिक आणि दामोदर यांना सोबत घेऊन. मुलगी शिकली पाहिजे, हे त्यांनी त्या काळात करून दाखवलं. माणिक रॅडक्लिफमध्ये शिकल्या. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर आमचं चित्र एकांगी होईल. धाकट्या मुलींचं पाहायला बाळाबाई इकडे होत्या.

१९२९ मध्ये त्यांना लेनिनग्राडहून बोलावणं आलं. बौद्ध तर्कशास्त्राचे मोठे अभ्यासक श्चेरबात्स्की तिथे बौद्ध संस्कृतीची संस्था चालवत होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा तो काळ. तिकडे त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. एका माणसाने काही वर्षांच्या अंतराने दोन्ही महासत्तांच्या पोटात राहून पाहिलं, असे भारतीय त्या वेळी फार थोडे होते. बौद्ध पंडित तर विरळाच. तिथली थंडी प्रकृतीला मानवली नाही, १९३० मध्ये ते परतले आणि मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले.

आमच्या डाव्या मित्रांना इथे एक गोष्ट आवडत नाही, तरी लिहितो. ज्या लेनिनग्राडने कोसंबींना बोलावलं, त्याच राज्यव्यवस्थेने पुढच्या काही वर्षांत बुर्यातियातले बौद्ध विहार बंद केले. श्चेरबात्स्कींचा शिष्य वोस्त्रिकोव्ह याला १९३७ मध्ये गोळ्या घातल्या. भांडवलशाहीला विरोध म्हणून हे झाकून ठेवायचं, अशी आमची समजूत नाही. कोसंबींचीही नव्हती. १९३५ मध्ये त्यांनी 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' हे पुस्तक लिहिलं. वेदकाळापासून सुरू होणारं ते पुस्तक शेवटी थेट साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, समाजवाद आणि गांधी यांच्यापर्यंत येतं. त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत असं : साम्यवाद्यांकडे शोषण ओळखण्याची प्रज्ञा आहे, पण अहिंसेची जोड नाही. गांधींकडे अहिंसा आहे, पण मालमत्तेच्या प्रश्नाला हात घालणारी प्रज्ञा अपुरी आहे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय सुटका नाही. अपरिग्रह हा एकट्या साधूचा नियम न राहता समाजाचा नियम व्हायला हवा, आणि राष्ट्राराष्ट्रांमधली हाव तीच हाव आहे, फक्त तिच्या हातात तोफा आहेत.

पुस्तकावर न थांबता १९३७ मध्ये त्यांनी मुंबईत परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभा केला. पैसा बिर्लांचा होता, वस्ती कामगारांची. भांडवलदाराच्या पैशातून कामगारवस्तीत विहार, यातला विरोधाभास कोसंबींसारख्या माणसाला दिसला नसेल असं आम्हाला वाटत नाही. आजही आपल्या कितीतरी संस्थांचे प्रकल्प कंपन्यांच्या सीएसआर निधीवर चालतात. त्यामुळे याबाबत कोणी फार मान वर करून बोलू नये.

मग येतं 'भगवान बुद्ध', १९४० आणि ४१ मध्ये दोन भागांत. दुसरं महायुद्ध पेटलेलं आहे, हे वाचताना विसरू नका. या पुस्तकात कोसंबी चार दृश्यांची गोष्ट बाजूला काढतात. त्यांचा युक्तिवाद साधा आहे : ती कथा त्रिपिटकात विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून येते, ती नंतर गौतमावर लादली गेली. आणि एकोणतीस वर्षांच्या माणसाने कधी म्हातारा पाहिला नव्हता, हे कोण मानेल? मग ते मूळ सुत्तांतून तीन कारणं काढतात. एक, सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तावरून : आपलेच लोक आटत्या पाण्यातल्या माशांसारखे एकमेकांवर तुटून पडताहेत, हातात शस्त्रं आली आहेत, आणि शस्त्रानेच भय निर्माण झालं आहे. दोन, घर ही अडचणीची, घुसमटीची जागा वाटणं. तीन, जरा-मरणाच्या पलीकडचं काही शोधण्याची ओढ. रात्री चोरून जाण्याची गोष्टही ते मानत नाहीत, कारण मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात आईवडील रडत असताना, त्यांच्यादेखत तो गेला असं आहे. पुढे 'बोधिसत्त्व' या नाटकात त्यांनी शाक्य-कोलियांचा संघर्ष रंगभूमीसाठी उभा केला.

बाबासाहेबांनी त्याच दिशेने पुढे जाऊन एक फार मोठी भर घातली. त्यांच्या सिद्धार्थाला शाक्य संघ धमकी देतो ती एकट्या त्याला नाही. ऐकलं नाहीस तर तुझ्या कुटुंबावर बहिष्कार घालू, जमीन जप्त करू. बहिष्कार म्हणजे काय हे ज्याने भोगलं त्यालाच हे सुचणार. युद्ध करणारी सत्ता माणसाला घराच्या मार्फत वाकवते. म्हणून सिद्धार्थ स्वतः बाहेर पडण्याची शिक्षा निवडतो. आणि बाबासाहेबांची यशोधरा झोपलेली नाही. ती ऐकते, संमती देते, राहुल नसता तर आपणही आलो असतो असं सांगते. ती निर्णयात आहे.

कोसंबींच्या चरित्रासमोर हे ठेवलं की काय दिसतं? बुद्धाच्या घरातली मध्यरात्र त्यांनी पुराव्याने पुसली. पण त्यांच्या स्वतःच्या घरी १८९९ च्या डिसेंबरात बाळाबाईंची संमती हा मुद्दाच नव्हता. त्यांना वाईट माणूस ठरवणं सोपं आहे, आणि निरुपयोगीही. ते परत आले, मुलींना शिकवलं, पैशाचा लोभ धरला नाही. प्रश्न रचनेचा आहे. पुरुषाचं मोठं काम उभं राहायला घरात कोणाचं तरी बिनपगारी काम लागतं. भांडवलशाही त्यावर चालते, धर्मही चालतो. आणि चळवळ? तीही त्यावरच चालते.

आम्ही बावधनमध्ये काम करतो. मुळशीच्या या टोकाला पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शेतं होती. आता महामार्गाच्या दोन्ही बाजूंना टॉवर आहेत आणि त्यांच्या सावलीत पत्र्याच्या खोल्या. राम नदीत आता पाण्यापेक्षा सांडपाणी जास्त. उन्हाळ्यात सोसायट्यांमध्ये टँकर येतो, वस्तीत नळाला किती वेळ पाणी येईल यावर बायकांचं कामाला जाणं ठरतं. आपली रोहिणी ही अशी आहे, रोज सकाळी हंड्यांच्या रांगेत. टॉवरमधली मुलं अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये, रशियाचं तेल घेता म्हणून, अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सप्टेंबरात नव्या एच-वन-बी व्हिसाचं शुल्क एक लाख डॉलर केलं. वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या भांडणाची बातमी बावधनच्या वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. वर नोकरीची धास्ती बसली की पहिली कपात होते ती स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या बाईच्या पगारात. ती बाई घरी येऊन पुन्हा तेच काम फुकट करते, आणि तिचा नवरा किंवा मुलगा संध्याकाळी आमच्या अभ्यासवर्गाला येऊन पितृसत्तेवर मुद्देसूद बोलतो.

कोसंबींच्या घरातली पुढची गोष्ट थोडक्यात. दामोदर हार्वर्डहून १९२९ मध्ये पदवी घेऊन परतले, गणितात नाव केलं, फर्ग्युसनमध्ये आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शिकवलं-शोधलं. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि आपल्याकडे इतिहास लिहिण्याची रीतच बदलली. शीतयुद्धाच्या काळात ते जागतिक शांतता चळवळीत होते, अण्वस्त्रांच्या विरोधात बोलत होते. गरीब आणि उन्हाच्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सूर्याकडे पाहावं, हेही त्यांनी तेव्हाच मांडलं. १९६२ मध्ये संस्थेतली नोकरी गेली, २९ जून १९६६ ला ते पुण्यात वारले. वडिलांच्या ग्रंथात शस्त्राने भय निर्माण होतं, मुलाच्या निबंधांत ते शस्त्र अणुबॉम्ब होतं. आणि दामोदरांची मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या, पंडिता रमाबाईंवर आणि स्त्रियांच्या इतिहासावर त्यांनी आयुष्य घातलं. आजोबांचं 'निवेदन' इंग्रजीत नेलं तेही त्यांनीच. समाजशास्त्र शिकताना त्यांचं लेखन आमच्या हाती आलं. घरात बाई कुठे असते, हा प्रश्न कोसंबींच्या घरात तिसऱ्या पिढीने अभ्यासाचा विषय केला.

धर्मानंदांचा शेवट बऱ्याच जणांना बुचकळ्यात टाकतो. शरीर थकलं, आता ते इतरांवर ओझं होईल असं वाटून त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. १९४६ मध्ये एकदा गांधींच्या आग्रहाने थांबले, नंतर सेवाग्रामला येऊन राहिले आणि जून १९४७ मध्ये उपवासाने देह ठेवला. हा मार्ग जैन परंपरेतला आहे. बुद्धाने शरीराला असा ताण देणं नाकारलं होतं, आणि पालीचा एवढा मोठा पंडित या वाटेने का गेला हे आम्हाला पटत नाही. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माने त्यांना अखेरीस ओढलं होतं, एवढं दिसतं. देशाच्या फाळणीचा ठराव त्याच दिवसांत झाला. आटत्या पाण्यातले मासे पुन्हा एकदा एकमेकांवर तुटून पडत होते.

'भगवान बुद्ध' आजही मिळतं, साहित्य अकादमीने ते इतर भारतीय भाषांतही नेलं आहे. आम्ही बावधनला त्यातलं गृहत्यागाचं प्रकरण आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चा पहिला खंड शेजारी शेजारी ठेवून वाचायला घेतो आहोत. वर्ग संध्याकाळी सातचा होता, तो रविवारी दुपारी तीनला आणला आहे, कारण सात वाजता बायका चुलीपाशी असतात. त्या दुपारी लहान मुलं सांभाळायची पाळी पुरुषांची. यादी लावली आहे, पहिल्या दोन रविवारची नावं आली आहेत.